तुटक रेघांचे घराणे

कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची वंशावळ आपण सहसा घाईने पाहतो. ग्रंथाच्या अखेरीस जोडलेले ते घडीचे पान उलगडायचे, अमुक महाराज कोणाचे पुत्र एवढे ताडून घ्यायचे आणि पान पुन्हा मिटायचे, असा आपला परिपाठ. गो. स. सरदेसाई यांच्या ‘ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी’सारखा १९५७ मधला ग्रंथही अभ्यासकाच्या मेजावर येतो तो संदर्भापुरता, तो वाचायचा असतो, सावकाश, ओळीओळीवर थांबत वाचायचा असतो, हे आपल्या मनात येत नाही. स्वरलिपीत उतरवलेली बंदिश जाणत्याने नुसती नजरेखालून घातली तरी तिच्यातली मींड त्याला ऐकू यावी, तशी वंशावळही सरावाच्या डोळ्यांना ऐकू येऊ लागते. करवीरच्या वंशावळीतला एकोणिसाव्या शतकाचा पट्टा, म्हणजे १८१३ ते १८९४ हा जेमतेम हातभर कागद, आज आपण असा वाचून पाहू.

पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ती नावे. शिवाजी, संभाजी, राजाराम, शाहू, शहाजी. अवघ्या पाच नावांचा हा मेळ, आणि तो फिरफिरून येतो. हाती आलेली गादी कोणाची आहे याचे स्मरण राहावे म्हणून पूर्वजांची नावे पुढच्या पिढीच्या खांद्यावर ठेवायची, ही रीत मोठी लोभस. पण वाचणाऱ्याची तिने पुरती कसोटी घेतली आहे. कोणी सातारा आणि कोल्हापूर एकत्र मोजतो, कोणी एकट्या कोल्हापूरच्या गादीची गणना करतो, आणि मग एकाच शिवाजी महाराजांना एका ग्रंथात चौथे तर दुसऱ्यात सहावे म्हटलेले आढळते. या गुंत्यातून आपल्याला सोडवते ती घरातली हाक. १८१३ मध्ये गादीवर आलेले संभाजी म्हणजे आबासाहेब, त्यांचे बंधू शहाजी म्हणजे बुवासाहेब, बुवासाहेबांचे पुत्र शिवाजी म्हणजे बाबासाहेब आणि दुसरे पुत्र चिमासाहेब. राजनामे घराण्याची, हाका मात्र माजघरातल्या. एका कागदावर ही दोन्ही शेजारी शेजारी आली की सिंहासनावरच्या माणसाला कोणीतरी लहानपणी अंगाखांद्यावर खेळवले होते, हे एकदम उमगते. क्रमांकांपेक्षा मला या हाकाच अधिक विश्वासाच्या वाटतात, कारण ‘बाबासाहेब’ म्हटल्यावर दुसऱ्या कोणाचा भास होत नाही.

आता रेघांकडे वळू. औरस पुत्राकडे जाणारी रेघ सलग, दत्तकाकडे जाणारी तुटक, किंवा नावापुढे कंसात ‘दत्तक’ एवढा एकच शब्द. वाचताना ही तुटक रेघ आपण सलगच समजून ओलांडतो. तिच्यावर बोट ठेवून जरा थांबावे. आपल्या पट्ट्याच्या अगदी वरच्या टोकाला जे शिवाजी महाराज आहेत, ज्यांनी पन्नास वर्षे गादी सांभाळून १८१३ मध्ये देह ठेवला, ते स्वतःच अशा एका तुटक रेघेवरून आलेले. १७६० मध्ये संभाजी महाराज अपत्याविना निवर्तले तेव्हा कोल्हापूरचे राज्य खालसा करावे अशी हालचाल पेशव्यांकडून सुरू झाली होती. त्या घटकेला राणी जिजाबाई ठाम उभ्या राहिल्या आणि १७६२ मध्ये खानवटकर भोसल्यांच्या घरचा एक मुलगा त्यांनी मांडीवर घेतला. एकोणिसाव्या शतकातले आबासाहेब, बुवासाहेब, बाबासाहेब ही सगळी सलग रेघांची माणसे मुळात त्या एका तुटक रेघेच्या आधाराने उभी आहेत. बुंध्याशी कलम आहे, आणि त्या कलमावर दोन पिढ्या भरघोस वाढलेल्या आहेत.

त्या दोन पिढ्यांवरून आपण चटकन पुढे जाऊ. आबासाहेबांचा १८२१ मध्ये खून झाला, बुवासाहेब १८३८ मध्ये तुळजापूरच्या यात्रेहून परतताना वाटेतच गेले, आणि अज्ञान बाबासाहेबांच्या नावाने कारभार सुरू झाला. यातला एक बारकावा मात्र सोडवत नाही. या कारभाराची सूत्रे मुलाच्या मातोश्री आणि चुलती यांच्याकडे आली, आणि लवकरच चुलतीने ती एकहाती घेतली. ‘दिवाणसाहेब’ या नावाने ही बाई इतिहासात वावरते. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला तेव्हा संशयाची सुई तिच्याकडेही वळली. राज्याची सत्ता काही वर्षे जिच्या मुठीत होती, तिच्यासाठी आपल्या पानावर जागा नाही. वंशावळीचा कागद उभा वाचायचा असतो, बापाकडून मुलाकडे. आणि चुलती, बहीण, मावशी, सासू ही सारी नाती आडवी.

या तुटक रेघेचे मोल किती, हे समजण्यासाठी पानाच्या दुसऱ्या शाखेकडे, साताऱ्याकडे नजर टाकावी लागते. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडले गेले. त्यांच्यानंतर गादीवर आलेले बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी यथाविधी दत्तक घेतला होता. डलहौसीने तो दत्तक अमान्य केला आणि सातारचे राज्य खालसा झाले. शिवछत्रपतींच्या थोरल्या शाखेचे राज्य रणांगणात बुडाले नाही. एका तुटक रेघेवर कंपनी सरकारची मोहर उमटली नाही, म्हणून बुडाले. कोल्हापूरला दत्तकाच्या हक्काची सनद मिळाली ती १८५७ चे वादळ उलटून गेल्यावर, १८६२ मध्ये. सातारा आणि कोल्हापूर या दोन स्तंभांमध्ये पानावर बोटभर कोरी जागा असते. चौदा वर्षांचा तो फरक त्या कोऱ्या जागेत आहे, आणि आपण तो तिथे वाचायचा आहे.

आता आपल्या पट्ट्याच्या हृदयाशी येऊ. साल १८६६. ४ ऑगस्टला बाबासाहेब निवर्तले. त्यांच्या नावाखाली तुटक रेघ, आणि तिच्या टोकाला राजाराम. हे राजाराम कोण? पानावर ते बाबासाहेबांचे पुत्र. जन्माने ते पाटणकरांचे नागोजीराव, बाबासाहेबांच्या बहिणीचे चिरंजीव. म्हणजे मामाच भाच्याचा पिता झाला. धर्मशास्त्रावरच्या निबंधग्रंथांतून त्रैवर्णिकांना भाचा दत्तक घेण्यास मनाई आहे. पण घराण्याची गरज आणि देशाचार यांनी आपली वाट काढली. या एका घटनेत केवढे नाट्य आहे पाहा. भोसल्यांच्या घरातून एक लेक पाटणकरांकडे गेली, म्हणजे वंशावळीच्या रीतीप्रमाणे पानावरून उतरली. ती गेली ती रेघ कोणी काढली नाही. आणि सोळा वर्षांचा तिचा मुलगा परत आला तो थेट पानाच्या मध्यावर, गादीवर. कागदावर त्याच्या आणि बाबासाहेबांच्या मध्ये तुटक रेघ आहे, पण ती जिथे तुटलेली दिसते तिथेच एक रक्ताची रेघ लपली आहे, त्या अनामिक बहिणीमधून जाणारी. या तुटक रेघा मी एकदा पाहिल्या आणि मग वंशावळ पूर्वीसारखी वाचताच आली नाही.

त्याच वेळी पानावर आणखी एक गोष्ट घडते आहे. बाबासाहेबांच्या नावाशेजारी, एकाच पित्याखाली, चिमासाहेब आहेत. १८५७ मध्ये कोल्हापुरातली २७ वी पलटण बिथरली, डिसेंबरात शहराचे दरवाजे बंद करून पुन्हा उठाव झाला, आणि त्या सगळ्यामागे चिमासाहेबांचा हात असल्याचे मानून इंग्रजांनी त्यांना कराचीला नेऊन ठेवले. तिथेच ते १८६९ मध्ये वारले. सालांची ही जोडी ताडून पाहू. १८६६ मध्ये थोरल्या भावाच्या मागे गादीचा वारस ठरत होता तेव्हा धाकटा भाऊ हयात होता, सिंधच्या किनाऱ्यावर नजरकैदेत. सलग रेघ पानावर होती. ती वाटेत अडवलेली होती. मग वंश पुढे गेला तो आडव्या वाटेने, बहिणीच्या घरून. वंशावळ कोणाचे काय झाले हे सांगत नाही, पण नावांसमोर साले मांडत गेलो तर ती असे काही दाखवते की तवारिखेची पाने चाळूनही ते इतक्या लख्खपणे दिसू नये.

राजाराम महाराजांच्या नावापुढचे तीन शब्द बहुतेक वंशावळींत असतात: ‘मृत्यू फ्लॉरेन्स, इटली’. १८७० मध्ये ते विलायतेला गेले. त्या प्रवासाची त्यांची इंग्रजी रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी संपादून १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी फ्लॉरेन्समध्ये अखेरचा श्वास घेतला आणि दुसऱ्या दिवशी आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने त्यांना अग्नी देण्यात आला. पंचगंगेच्या घाटावर ज्यांच्या पूर्वजांच्या समाध्या, त्यांच्यासाठी परक्या देशात संगम शोधणाऱ्या सोबत्यांच्या भावनेला आपण मनोमन दाद द्यावी. त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, आणि याच मँट यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा रेखला. छत्रीतला अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा. पुढे, १९७० च्या दशकात, तिथून जवळ पूल झाला तेव्हा फ्लॉरेन्सकरांनी त्याला ‘भारतीयाचा पूल’ असे नाव दिले. वंशावळीत जे एक ठिकाणाचे नाव म्हणून उरले, ते त्या गावाच्या बोलण्यात असे रुजले आहे.

राजारामांखाली पुन्हा तुटक रेघ: १८७१ मध्ये दत्तक आलेले भोसले कुळातले नारायणराव, राजनाम शिवाजी. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला त्यांचा अंत झाला. त्यांच्याखाली तिसरी तुटक रेघ: १७ मार्च १८८४, कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, राजनाम शाहू. अठरा वर्षांत तीन दत्तक! इथे एक छोटे गणित करून पाहावे असे आहे. पानावर राजाराम आजोबा, शिवाजी वडील, शाहू नातू. जन्मसाले मात्र अशी: राजाराम १८५०, शिवाजी १८६३, शाहू १८७४. आजोबा आणि नातू यांच्यात चोवीस वर्षांचे अंतर, एखाद्या थोरल्या भावा-धाकट्या भावाचे असावे तेवढे. काळाने तीन पिढ्या चोवीस वर्षांत दाटीवाटीने बसवल्या, आणि वंशावळीने प्रत्येकाला आपापली पायरी देऊन हे सगळे सुविहित केले. पित्याचा मान, पुत्राचे कर्तव्य, श्राद्धातले पिंड यांत काही उणे राहू दिले नाही. या शिस्तीपुढे मन नम्र होते.

आणि १८८४ च्या त्या रेघेच्या दोन टोकांना जी माणसे होती, त्यांच्याकडे पाहावे. घेणाऱ्या टोकाला आनंदीबाई, वीस वर्षांच्या पतीमागे ऐन तारुण्यात वैधव्य आलेली राणी. देणाऱ्या टोकाला जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे, कागलचे अधिपती. ते १८८२ पासून कोल्हापूरचे रीजंट होते. विधी झाला आणि नऊ वर्षांचा यशवंत घाटग्यांच्या वंशावळीतून उचलला गेला. दत्तकाने जन्मदात्याचे गोत्र आणि रिक्थ मागे ठेवावे असे शास्त्र सांगते. म्हणजे पुढे दोन वर्षे, १८८६ मध्ये मृत्यू येईपर्यंत, जयसिंगराव ज्या बालराजाच्या नावाने राज्य पाहत होते तो त्यांच्याच पोटचा होता आणि कागदोपत्री त्यांचा कोणीच नव्हता. त्यांचे धाकटे चिरंजीव बापूसाहेब घाटग्यांच्याच पानावर राहिले. एका घरी जन्मलेले दोन सख्खे भाऊ दोन निरनिराळ्या पानांवर जाऊन बसले. जिव्हाळा मात्र पाने ओळखत नाही, आणि बापूसाहेब आयुष्यभर शाहू महाराजांच्या सोबत राहिले.

मघाशी मी आडव्या नात्यांविषयी बोललो. ती सापडतात कुठे? कोल्हापूरच्या पुरालेखागारात रुमालांत बांधलेले मोडी कागद आहेत, त्यांत सापडतात. नेमणुका, चोळीबांगडीच्या सनदा, वारसाचे तंटे, लग्नांचे खर्च, देवस्थानांना दिलेल्या देणग्या: जिथे पैसा आणि जमीन हलते तिथे बाईचे नाव येतेच. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांचा भाव एकाएकी वधारला. निमित्त कोणतेही असो, घरोघरच्या माणसांना आपल्या पणजोबांच्या नावाचे ते धावते, लेखणी न उचलता ओढलेले वळण पाहण्याची ओढ लागली, याचा मला मनापासून आनंद आहे.

राजघराण्याला वंशावळ असते, आपल्याला कुठली, असे ज्यांना वाटते त्यांनी करवीर, कागल, राधानगरी, गडहिंग्लज भागातल्या एखाद्या खेड्यात सुगी आटोपल्यावर मुक्काम करावा. सीमेपलीकडच्या बेळगाव मुलखातून हेळवी येतो. सजवलेला बैल, घंटा आणि काखेतले दप्तर. कानडी वळणाच्या मराठीत तो दारात उभा राहून घराची वंशावळ सुरू करतो: मूळ गाव, देवक, कुळी, कोण पहिला पुरुष या शिवारात आला, त्याला मुलगे किती, कोणता भाऊ उठून कुठल्या गावी पांगला, कोणाचा वंश खुंटला, कोणी भावकीतला मुलगा मांडीवर घेतला. एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाताना तो क्षणभर सूर तोलतो आणि मग पुढचे नाव सोडतो. ज्वारीचे पसाभर दाणे, एखादे धडुते, चार पैसे एवढ्या मोलावर शेतकऱ्याच्या घराचा उणापुरा दीडदोनशे वर्षांचा पट असा उलगडतो, आणि ऐकणाऱ्या आजीच्या डोळ्यांत पाणी येते, कारण ‘अमुक निपुत्रिक वारला’ म्हणताना तो तिच्या दिराविषयी बोलत असतो. नव्याने झालेली मुले लिहून घेतल्याशिवाय तो निघत नाही. हाच मजकूर नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पाहावा तर तिथे आणखी एक गंमत: यात्रेकरूने आपल्याच अक्षरात वाडवडिलांची नावे लिहायची आणि बरोबर कोण कोण आले तेही नोंदवायचे. ‘समागमे मातोश्री’ अशा एका ओळीत, गावच्या दप्तरात जिचा मागमूस नाही अशी एक म्हातारी गोदावरीत स्नान करून उभी असते. आजही तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी गेले की आपल्याला वंशावळ लिहून द्यावी लागते, आणि त्या प्रतिज्ञापत्रावर बहिणींची नावे भावांच्या बरोबरीने लिहावी लागतात. ही सुधारणा मला फार मोलाची वाटते.

आता त्या आडव्या नजरेने आपल्या पट्ट्याचे खालचे टोक वाचू. २ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांचे राज्यारोहण झाले. त्याच वर्षी, काही दिवस आधी, त्यांना पहिले अपत्य झाले होते. मुलगी. तिचे नाव राधाबाई. घरात हाक अक्कासाहेब. वंशावळ मुलीपाशी थांबत नाही, म्हणून बहुतेक वाचक राजाराम या पुत्राकडे वळतात. पण राधाबाई हे नाव आधी कोणाचे? मुधोळच्या घोरपडे घराण्यातून कागलला आलेल्या, यशवंत तीन वर्षांचा असतानाच निवर्तलेल्या त्याच्या जन्मदात्रीचे. दत्तकविधानाने शाहू महाराजांची आई आनंदीबाई झाली. भोसल्यांच्या पानावर कागलच्या राधाबाईंना जागा असण्याचे कारणच उरले नाही. मग हे नाव आजीकडून नातीकडे कोणत्या रेघेने आले? ज्या पाच राजनामांचा मेळ आपण सुरुवातीला पाहिला, त्याच्या बाहेर, त्याच्या खालून, हा दुसरा एक मेळ चाललेला आहे, बायकांच्या नावांचा.

अक्कासाहेब देवास थोरली पातीच्या तुकोजीराव पवारांकडे दिल्या गेल्या. त्यांचे पुत्र विक्रमसिंह तिथले महाराज झाले. इकडे १९४० मध्ये राजाराम महाराज निवर्तले, त्यांच्यामागे दत्तक आलेले बालराजे १९४६ मध्ये गेले, आणि १९४७ मध्ये राणी ताराबाईंनी देवासच्या विक्रमसिंहांना दत्तक घेतले. राजनाम शहाजी. पुन्हा मामाच्या गादीवर भाचा, १८६६ सारखाच. पानावर त्यांच्या डोक्यावरची रेघ तुटक आहे. पेन्सिल घेऊन तिच्या बाजूने आपण दुसरी रेघ ओढावी: शहाजींपासून अक्कासाहेबांकडे, तिथून शाहू महाराजांकडे, आणि त्यांच्यापासून वर कागलच्या राधाबाईंपर्यंत. ती कुठेही तुटत नाही.